‘तहिय्या तय्यिबा व बाद’ आणि पुढची अडखळ : अरबी कार्यालयीन पत्र इंग्रजीत आणताना

अडचण नेहमी एकाच वळणाची असते. मस्कत, दम्माम नाहीतर दुबईहून एका पानाचं अरबी पत्र येतं. शब्दकोश उघडा ठेवून आणि यंत्राकडून एकदा काढून घेऊन आपण ते इंग्रजीत उतरवतो. एकेक शब्द ताडून पाहिला तर बरोबर निघतो. तरीही ज्यांच्यासाठी केलं ते पान खालीवर बघून विचारतात, "वाचलं सगळं, पण त्यांना आपल्याकडून हवंय काय?"

मी नऊ वर्षं मस्कतमध्ये एका व्यापारी कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात होते, आता पुण्यात घरून कागदपत्रांची भाषांतरं करते. आखाताशी माल पाठवणाऱ्यांची पत्रं येतात, तिथून परत आलेल्यांचे नोकरीचे दाखले येतात. नवीन शिकणाऱ्या मुलामुलींचे मसुदेही तपासायला येतात. गाडी अडते ती पाच-सहा ठरलेल्या ठिकाणीच, म्हणून ती ठिकाणं इथे लिहून ठेवते आहे.

आधी मूळ कारण. अरबी कार्यालयीन पत्राला एक ठरलेला पोशाख असतो. नाव, त्यापुढे मान, मग अभिवादन, मग संदर्भ, मग नम्र विनंती आणि शेवटी आदर. यातला बराचसा मजकूर माहिती देण्यासाठी नसतोच, तो रीत पाळण्यासाठी असतो. मराठी माणसाला हे कळायला खरं तर वेळ लागू नये. आपण पत्राच्या माथ्यावर ‘स.न.वि.वि.’ लिहितो. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. जुन्या पत्रात नावाआधी ‘रा. रा.’ असायचं, म्हणजे राजमान्य राजश्री. ते इंग्रजीत नेताना कोणी राजाने मान्य केलेले गृहस्थ असं लिहीत नाही, सरळ ‘मिस्टर’ लिहून मोकळा होतो. ‘तहिय्या तय्यिबा व बाद’ हे अरबीचं स.न.वि.वि. आहे. शब्दशः पाहिलं तर ‘चांगलं अभिवादन, आणि त्यानंतर’. त्यातलं ‘व बाद’ आपल्या ‘विनंती विशेष’चं काम करतं, म्हणजे नमस्कार झाला, आता मुद्द्यावर येतो. इंग्रजी पत्रात हे काम ‘डिअर सर’ एवढ्यातच होऊन जातं. तिथे ‘गुड ग्रीटिंग अँड आफ्टर’ लिहिलं की वाचणारा पहिल्याच ओळीला थबकतो.

म्हणून कुठलंही वाक्य उचलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य पत्रात काय काम करतंय? मराठी सरकारी पत्रात याच जागी आपण काय लिहिलं असतं? मराठी जोड सापडली की इंग्रजी जोड सापडायला वेळ लागत नाही.

मागणी सापडत नाही तेव्हा

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. एक खरं वाक्य घेऊन बघू, असली वाक्यं रोज येतात: ‘नर्जू मिन सआदतिकुम अत-तकर्रुम बिल-इत्तिला वत-तव्जीह बि-इज्रा अल-लाझिम.’

शब्द सुटे केले तर असं दिसतं. ‘नर्जू’ म्हणजे आम्ही आशा करतो. ‘मिन सआदतिकुम’ म्हणजे आपल्या सौख्याकडून. ‘अत-तकर्रुम’ म्हणजे औदार्य दाखवणं. ‘बिल-इत्तिला’ म्हणजे पाहण्याचं. ‘वत-तव्जीह’ म्हणजे आणि दिशा देण्याचं. ‘बि-इज्रा अल-लाझिम’ म्हणजे आवश्यक ते करण्याची. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात या जागी चक्क ‘युवर हॅपिनेस’ होतं. मुलीची चूक शब्दाची नव्हती, ‘सआदा’ म्हणजे आनंदच. पण ‘सआदत’ ही पदवी आहे. राजदूत, मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी यांना ती लागते, आणि सौजन्य म्हणून कंपनीच्या संचालकांनाही लावतात. मंत्र्यांना ‘मआली’, राजघराण्यातल्यांना ‘सुमू’, न्यायाधीश आणि धर्मपंडितांना ‘फदीला’. पत्र मंत्र्यांना असेल तर ‘हिज एक्सलन्सी’ ठेवायलाच हवं, ‘सुमू’ असेल तर ‘हिज हायनेस’ गाळणं हा अपमान ठरतो. पण कंपनीच्या खरेदी विभागाच्या व्यवस्थापकाला लिहिलेल्या पत्रात ‘सआदतिकुम’चं इंग्रजी एवढंच: ‘यू’.

आता त्या अख्ख्या वाक्याकडे पुन्हा पाहा. आपल्या कचेऱ्यांत ‘अवलोकनार्थ व पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ असं लिहितात ना? तेच आहे हे, अगदी त्याच क्रमाने: आधी अवलोकन, मग कार्यवाही. इंग्रजीत ‘प्लीज रिव्ह्यू अँड अरेंज फॉर द नेसेसरी अ‍ॅक्शन’ एवढं पुरतं. मात्र इथे थांबू नका. ‘अल-लाझिम’ म्हणजे नेमकं काय, हे पत्रात वर कुठेतरी असतं, बहुतेक वेळा ‘अल-मौदू’ म्हणजे विषयाच्या ओळीत किंवा संदर्भ दिलेल्या आधीच्या पत्रात. ते मी भाषांतरात घुसडत नाही, कारण मूळ पत्रात ते संदिग्ध आहे आणि संदिग्धता ही त्यांची आहे. पण सोबतच्या चिठ्ठीत ग्राहकाला कळवते की त्यांना तुमच्याकडून अमुक बिलाची मंजुरी हवी आहे असं दिसतं.

याच जातीची आणखी काही. ‘नवद्दु अन नुहीतकुम इल्मन’ म्हणजे शब्दशः ‘आपल्याला ज्ञानाने वेढावं अशी आमची इच्छा आहे’, इंग्रजीत ‘वुई विश टू इन्फॉर्म यू’. ‘नुफीदुकुम’मध्ये फायदा हा शब्द दडलेला दिसतो, पण अर्थ ‘आपणांस कळवतो’ इतकाच, आणि ‘युर्जा इफादतुना’ म्हणजे ‘कृपया आम्हाला कळवावं’. ‘इल्मन बि-अन्ना’ आलं की पुढे ध्यानात ठेवायची बाब येते, ‘प्लीज नोट दॅट’. ‘तय्यिहि’ म्हणजे ‘याच्या घडीत’, अर्थात ‘सोबत जोडलं आहे’. ‘सूरा मअ अत-तहिय्या इला’ पाहून चित्र किंवा फोटो डोळ्यापुढे आणू नका, ती आपली ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ आहे. आणि शेवटी ‘व तफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम’, म्हणजे परमोच्च आदराचा स्वीकार करावा. हे आपलं ‘कळावे, लोभ असावा’. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे पत्र नावानिशी असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’, नाव नसेल तर ‘युवर्स फेथफुली’.

आपलेच शब्द दगा देतात तेव्हा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक इंग्रज किंवा फ्रेंच भाषांतरकार करत नाही. ती आपणच करतो. फारसीच्या वाटेने शेकडो अरबी शब्द मराठीत आले आणि इथे रुळून त्यांनी अर्थ बदलले. अरबी पत्रात ते दिसले की मन म्हणतं, हा तर ओळखीचा, आणि शब्दकोश उघडायचं राहून जातं.

‘रकम’ पाहा. मराठीत रक्कम म्हणजे पैसे. अरबीत ‘रकम’ म्हणजे क्रमांक. ‘रकम अल-फातूरा’ ही बिलाची रक्कम नव्हे, बिलाचा नंबर. पैशांच्या आकड्याला अरबीत ‘मब्लग’ म्हणतात, आणि मराठीत त्याचं झालं ‘मुबलक’. ‘रसीद’ दिसली की आपल्याला पावती आठवते, अरबी बँकेच्या पत्रात ती खात्यातली शिल्लक असते. ‘अर-रसीद अल-मुस्तहक’ म्हणजे देणं बाकी असलेली रक्कम. ते ‘ड्यू रिसीट’ केलंत तर समोरचा पावती शोधत बसेल आणि थकबाकी तशीच राहील. पावतीला अरबीत ‘ईसाल’ आहे.

‘वकील’ म्हणजे अरबी व्यापारात एजंट किंवा प्रतिनिधी. ‘वकील हसरी’ म्हणजे एकमेव अधिकृत एजंट. कोर्टात उभा राहतो तो ‘मुहामी’. मंत्रालयाच्या पत्रावर ‘वकील अल-विझारा’ अशी सही असेल तर ते सरकारी वकील नव्हेत, ते मंत्रालयाचे अंडर सेक्रेटरी असतात. ‘तहसील’ म्हणजे वसुली. ‘शीक बि-रस्म अत-तहसील’ हा वसुलीसाठी बँकेत टाकलेला चेक असतो, तालुक्याशी त्याचा संबंध नाही. ‘खिताब’ म्हणजे साधं पत्र, आणि ‘खिताब दमान’ म्हणजे बँक गॅरंटी.

‘हवाला’बद्दल हात जोडून सांगते. ‘हवाला मसरफिय्या’ म्हणजे बँकेमार्फत केलेलं रीतसर ट्रान्सफर. तो शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत लिहून भारतातल्या बँकेला किंवा हिशेब तपासनीसाला पाठवलात तर आपल्याकडे त्या शब्दाला जो वास आहे तो सबंध व्यवहाराला चिकटतो. ‘बँक ट्रान्सफर’ लिहा, दुसरं काही नको.

आणि आता दोन असे, जे अर्थ सरळ उलटा करतात. ‘बिल-इशारा इला खिताबिकुम’ यातला ‘इशारा’ म्हणजे संदर्भ. ‘आपल्या पत्रास अनुसरून’. मराठी कानाला मात्र त्यात ताकीद ऐकू येते. खरी ताकीद अरबीत ‘इन्धार’ असते. दुसरं, ‘नर्जू अदम तकरार धालिक’. मराठी वाचणारा म्हणेल, ‘याबद्दल तक्रार करू नये’. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा घडणं. वाक्याचा अर्थ आहे, ‘असं पुन्हा होऊ नये’. माल खराब आला म्हणून नाराज झालेल्या ग्राहकाच्या पत्रात हे वाक्य असतं. ते ‘तक्रार करू नका’ असं गेलं, तर ज्याने तक्रार केली आहे त्याच्याच तोंडी तक्रार करू नका असं येतं.

सगळेच शब्द फसवत नाहीत. ‘तारीख’, ‘मुद्दा’ म्हणजे आपली मुदत, ‘हिसाब’, ‘हक्क’, जुन्या कोर्टाच्या मराठीतलं ‘बमोजिब’ म्हणजे अरबीतलं ‘बि-मूजिब’, हे बरेचसे आपल्या अर्थाने चालतात. पण ओळखीचा वाटला तोच शब्द आधी तपासायचा, ही सवय लावून घ्या. अनोळखी शब्द आपण तपासतोच.

नोकरीचा दाखला

दाखल्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण इथे माणसाचं पोट अवलंबून असतं. रत्नागिरी जिल्ह्यातला एक इलेक्ट्रिशियन आखातात कामाला होता. दुसऱ्या देशात अर्ज करायचा म्हणून त्याने चालू कंपनीकडून अरबी दाखला घेतला आणि कुणाकडून तरी इंग्रजी करून घेतला. त्यात लिहिलं होतं की तो ‘आपल्या कामाचा प्रमुख’ आहे. समोरून विचारणा आली, प्रमुख असल्याचा पुरावा द्या, हाताखाली किती माणसं होती ते कळवा. तो गोंधळला. घाबरलाही, कारण आता आपणच खोटं लिहून दिलं असं दिसेल की काय, ही भीती.

मूळ अरबी ओळ होती: ‘व ला यझाल अला रास अमलिही’. ‘रास’ म्हणजे डोकं, त्यामुळे ‘कामाच्या डोक्यावर’, म्हणून प्रमुख. पण हा ठरलेला वाक्प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ ‘आणि तो अद्याप सेवेत आहे’ एवढाच. ‘अँड ही इज स्टिल इन अवर एम्प्लॉयमेंट’. ओळ दुरुस्त केली, सोबत दोन वाक्यांचा खुलासा दिला, काम झालं.

त्याच दाखल्याच्या तळाशी आणखी दोन वाक्यं असतात आणि ती लोक सर्रास गाळतात. ‘बिनाअन अला तलबिही’ म्हणजे त्याच्या विनंतीवरून दिला. ‘दून अदना मसऊलिय्या अलश-शरिका’ म्हणजे कंपनीवर कोणतीही जबाबदारी न येता. ही सजावट नाही. कंपनी कायदेशीर अंग काढून घेते आहे, ते इंग्रजीत आलंच पाहिजे. वर ‘इला मन युहिम्मुहू अल-अम्र’ असेल तर ‘टू हूम इट मे कन्सर्न’. ‘हुर्रिरा फी’ आलं तर ‘मुक्त केलं’ नव्हे. त्या क्रियापदाचा तोही अर्थ आहे, पण दाखल्यावर आणि करारावर त्याचा अर्थ ‘लिहून दिलं’, ‘तयार केलं’. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ‘बराअत धिम्मा’त निर्दोषपणा आणि विवेक शोधू नका, तो देणंघेणं उरलं नसल्याचा दाखला आहे, ‘क्लिअरन्स’. ‘मुखालसा निहाइय्या’ म्हणजे अंतिम हिशेब.

गोड शब्दांत कडक पत्र

वर मी पोशाख उतरवायला सांगितलं. त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मी स्वतः चुकून शिकले. मस्कतमध्ये दुसऱ्याच वर्षी एका पुरवठादाराचं पत्र आलं. भाषा इतकी नम्र की मी त्याचं सौम्य स्मरणपत्र करून टाकलं. ‘वुई होप’ने सुरू होणारं एक वाक्य, बाकी आभार आणि आदर. साहेबांनी वाचून ते बाजूला ठेवलं. आठवड्यानंतर वकिलाची नोटीस आली.

ते वाक्य होतं ‘नअमल अल्ला नुद्तर्र इला इत्तिखाध अल-इज्राआत अल-कानूनिय्या’. कायदेशीर कारवाई करायला आम्हाला भाग पडू नये अशी आशा आहे. त्याच्या आधीच्या ओळीत ‘खिलाल उस्बू मिन तारीखिही’ होतं, म्हणजे या पत्राच्या तारखेपासून एका आठवड्यात. ‘तारीख’चा इतिहास असाही अर्थ होतो, पण इथे ती तारीखच, आणि मोजणी पत्र हाती पडल्यापासून नाही, पत्रावरच्या तारखेपासून. ही दोन वाक्यं मिळून अंतिम नोटीस होत होती आणि मी ती दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत टाकून विझवली होती. त्या दिवसापासून मी कच्चा मसुदा झाल्यावर मूळ पत्रावर पेन्सिलीने फक्त चार गोष्टींखाली रेघा ओढते: मुदत, पैसा, अट आणि हक्क. ‘नहतफिझ बि-हक्किना’ म्हणजे ‘आमचा हक्क आम्ही राखून ठेवतो’, ते असेल तर त्याखाली दोन रेघा. या रेघांवरचा एकही शब्द मऊ होता कामा नये. बाकीची फुलं खुशाल काढा.

आकडे आणि तारखा

इथे घाई नको. अरबी आकड्यांत नुसता ठिपका म्हणजे शून्य आणि पोकळ वाटोळं म्हणजे पाच. आपलं मराठी शून्य हुबेहूब त्या पाचासारखं दिसतं. देवनागरी आकडे वाचत वाढलेल्या डोळ्याला त्यामुळे पंचावन्नचा शून्य-शून्य दिसायला क्षणही लागत नाही. हाताने लिहिलेला तीन बऱ्याचदा छापील दोनासारखा असतो. मजकूर उजवीकडून डावीकडे असला तरी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे, आणि तारखेत दिवस उजव्या टोकाला असतो, वर्ष डाव्या. कॉपी करून चिकटवताना ही उलटापालट होते, म्हणून तारीख मी नेहमी हाताने टंकते आणि महिना अक्षरांत लिहिते.

ओमानचा रियाल हजार बैशांचा, कुवेत आणि बहरीनचा दिनार हजार फिल्सचा. त्यामुळे तिथे दशांशानंतर तीन आकडे येतात, आणि अरबी दशांशचिन्ह स्वल्पविरामासारखं दिसतं. ‘१२,५००’ हे साडेबारा हजारही असू शकतं आणि साडेबारा रियालही. उपाय पत्रातच असतो. रक्कम अक्षरी लिहिलेली असते, सुरुवातीला ‘फकत’ आणि शेवटी ‘ला गैर’. तो ‘फकत’ म्हणजे आपल्या चेकवरचं ‘फक्त’च. आधी अक्षरी वाचा, मग आकडा. दोन्ही जुळत नसतील तर भाषांतरात दोन्ही जसेच्या तसे ठेवून टीप द्या, स्वतः दुरुस्त करू नका.

सौदीहून आलेल्या पत्रावर हिजरी तारीख असू शकते. तिच्यापुढे ‘हा’ हे अक्षर असतं, इसवी तारखेपुढे ‘मीम’. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, तेव्हा अंदाजाने बदल करता येत नाही. सौदीच्या उम्म अल-कुरा पंचांगाप्रमाणे १४४६ चा पहिला दिवस ७ जुलै २०२४ ला आला. मूळ हिजरी तारीख ठेवून कंसात इसवी द्यावी. इराक आणि सीरियाकडच्या पत्रांत महिन्यांची नावं वेगळी असतात. ‘कानून अल-अव्वल’ म्हणजे डिसेंबर आणि ‘कानून अथ-थानी’ म्हणजे जानेवारी. पहिला-दुसरा या शब्दांवरून महिना काढायला गेलात तर वर्षच बदलेल.

नावं

शेवटचं ठिकाण. अरबी लिपीत प नाही, च नाही, ट-ड नाहीत, ळ नाही, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. पाटील अरबीत गेले की ‘बातील’ होतात, पवार ‘बवार’. गोपाळचा ‘जोबाल’ही होतो आणि ‘घोबाल’ही, लिहिणारा कुठला यावर ते ठरतं. अरबीतून वाचून तेच इंग्रजीत उतरवलं तर दाखला एका माणसाचा आणि पासपोर्ट दुसऱ्याचा असं होऊन बसतं. म्हणून काम हाती घेतानाच मी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागून घेते, कंपनीच्या नावासाठी लेटरहेडवरचं इंग्रजी किंवा व्यापार नोंदणीचा कागद. कंपनीच्या नावामागची आद्याक्षरंही कुठल्या देशातली आहेत ते पाहूनच सोडवायची. ‘शीन मीम मीम’ ही तीन अक्षरं ओमानमध्ये मर्यादित जबाबदारीची कंपनी सांगतात आणि इजिप्तमध्ये इजिप्शियन भागभांडवली कंपनी.

कागद कोर्टात किंवा सरकारदरबारी द्यायचा असेल तर आपलं भाषांतर तिथे चालेलच असं नाही. अमिरातीत न्याय मंत्रालयाच्या यादीतला परवानाधारक भाषांतरकार लागतो. तशा वेळी मी माझा मसुदा, पासपोर्टप्रमाणे नावांची यादी आणि पेन्सिलीच्या रेघा असलेली मूळ प्रत असं तिन्ही एकत्र करून ग्राहकाच्या हाती देते, म्हणजे पुढच्या माणसाला नाव आणि आकडा पुन्हा विचारत बसावं लागत नाही.